पुढचा भाग कधी?

रविंदर सिंग यांची ‘कॅन लव्ह हॅपन ट्वाइस?’ ही २०११ सालची कादंबरी चंडीगडच्या एका रेडिओ स्टेशनवर सुरू होते. व्हॅलेंटाइन डेची रात्र आहे, नायकाचे मित्र पाहुणे म्हणून आले आहेत आणि नायक स्वतः मात्र हजर नाही. त्याची अपुरी राहिलेली गोष्ट मित्रच श्रोत्यांना सांगतात. सिंग त्या काळात चंडीगडलाच स्थायिक झाले होते. २००८ सालच्या त्यांच्या पहिल्या कादंबरीत लग्न ठरलेली मुलगी अपघातानंतर जाते. ती त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट होती. वाचकांनी ती रडत वाचली आणि मिटून ठेवली. तीन वर्षांनी तोच माणूस दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो. पुस्तकाचे नाव मुखपृष्ठावर प्रश्न म्हणून छापले होते, आणि तो प्रश्न वाचकांच्या मनातलाच होता: पहिल्या गोष्टीत आम्ही जे खरे मानले, त्याचे आता काय?

या पुस्तकात ना भूत ना पिशाच, आणि ते स्वप्रकाशितही नाही. तरी चंडीगडमध्ये राहणारी मराठी वाचक म्हणून मला या विषयाचे दार तिथेच सापडले. विषय आहे स्वप्रकाशित पॅरानॉर्मल रोमान्सच्या मालिका आणि त्यांच्या पुढच्या भागांना वाचक देतात तो प्रतिसाद. या कथांत प्रेम करणाऱ्या दोघांपैकी निदान एक जण पूर्ण माणूस नसतो. कुठे रक्तपिपासू, कुठे लांडगा होणारा तरुण, कुठे इच्छाधारी नागीण, कुठे गेल्या जन्माचा शाप घेऊन आलेला कुणी. मध्ये प्रकाशक नसतो. लेखक, बहुतेक वेळा लेखिका, लिहून थेट टाकते आणि वाचक बसमध्ये, हॉस्टेलच्या खोलीत, मूल झोपल्यावर मोबाइलवर वाचतो. पहिला भाग आवडला असे सांगणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्या भागावर मात्र वाचक उलटतात, रुसतात, गळतात किंवा आयुष्यभरासाठी चिकटतात. हे कशामुळे होते, याचा शोध घ्यायचा तर बराच मागे जावे लागते.

मी राहते त्या मुलखात प्रेमकथेला दुसरा भाग जोडण्याची रीत नव्हती. प्रेमिक मरतात, मग पुढचा भाग कसला? त्याऐवजी इथे कथा पुन्हा सांगितली जाई. हीर-रांझाची कथा अकबराच्या काळात दामोदराने सांगितली तेव्हा दोघे जिवंत राहतात आणि मक्केच्या वाटेने निघून जातात. वारिस शाहने १७६६ मध्ये तीच कथा रचली, तेव्हा हीरला तिच्या काकाने, कैदोने, विष दिले आणि तिच्या मागोमाग रांझाही गेला. लोकांनी दुसरा शेवट कवटाळला. आज पंजाबात हीर म्हणजे वारिस शाहची हीर. या कथेत रांझाच्या पाठीशी पाच पीर आहेत, तो कान फाडून जोगी होतो. अद्भुताचा धागा पहिल्यापासून आहेच. १९४७ च्या रक्तपातात अमृता प्रीतमने हाक मारली तीही वारिस शाहला, कबरीतून बोल म्हणून, आणि मागणी होती ती प्रेमाच्या ग्रंथाचे पुढचे पान उघडण्याची. पंजाबी वाचकाने पुढचा भाग मागितल्याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी वाट पंजाबी कवी शिवकुमार बटालवी यांची. १९६५ सालच्या ‘लूणा’ या काव्यनाट्याला १९६७ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६८ मध्ये ते बँकेच्या नोकरीसाठी चंडीगडला आले. लूणा ही पूरन भगताची तरुण सावत्र आई. तिच्या आरोपावरून राजपुत्राचे हातपाय तोडतात, त्याला विहिरीत टाकतात आणि गोरखनाथ त्याला वाचवतात. मराठी वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही, कारण हा पूरन म्हणजे ‘नवनाथ भक्तिसारा’तला आपला चौरंगीनाथ. शेकडो वर्षे लूणा खलनायिका होती. बटालवींनी तीच कथा तिच्या बाजूने सांगितली आणि ऐकणाऱ्यांची सहानुभूती फिरली.

ही युक्ती आजच्या मालिकांत सर्रास दिसते. तीन-चार भाग झाले की पहिलाच भाग नायकाच्या तोंडून पुन्हा येतो. स्टेफनी मायर यांनी ‘ट्वायलाइट’ ही आपली व्हॅम्पायर-प्रेमकथा नायक एडवर्डच्या बाजूने लिहायला घेतली होती. २००८ मध्ये त्या हस्तलिखिताची प्रकरणे बाहेर फुटली आणि त्यांनी काम थांबवले. ‘मिडनाइट सन’ शेवटी २०२० च्या ऑगस्टमध्ये आले. बारा वर्षांत वाचकांची शाळा-कॉलेजे संपली होती, तरी त्यांनी ते घेतले. पण लूणाला बाजू मिळाली तेव्हा कथेचा अर्थ बदलला होता. एडवर्डला बाजू मिळाली तेव्हा माहिती वाढली, अर्थ फारसा बदलला नाही. स्वप्रकाशित मालिकांतल्या अशा पुनर्कथनांवर वाचक जी कुरकूर करतात, तिचे मूळ मला या फरकात दिसते. ‘तेच पुन्हा’ हा त्यांचा आक्षेप रास्त आहे.

आता मूळ अडचणीकडे. पॅरानॉर्मल प्रेमकथेच्या पहिल्या भागाची सारी ओढ अंतरावर उभी असते. तो कोण आहे हे तिला ठाऊक नसते, कळल्यावर जवळ जाता येत नाही, गेले तर जीव जाईल अशी भीती असते. पहिल्या भागाच्या अखेरीस गुपित फुटते आणि दोघे एकत्र येतात. वाचक सुखावतो आणि पुढचा भाग मागतो. पण ज्या अंतरामुळे त्याने रात्र जागवली, ते अंतर आता उरलेले नसते. लेखिकेपुढे दोनच सोप्या वाटा असतात. दोघांना पुन्हा तोडायचे, नाहीतर तिसरा माणूस आणायचा. मायर यांनी २००६ च्या ‘न्यू मून’मध्ये दोन्ही केले. एडवर्ड निघून जातो तेव्हा पुस्तकात काही पाने फक्त महिन्यांची नावे घेऊन कोरी येतात आणि मग लांडगा होणारा जेकब नायिकेच्या जवळ येतो. वाचकांचे दोन तट पडले आणि ते भांडण चित्रपटांपर्यंत चालले. २००८ च्या ‘ब्रेकिंग डॉन’मध्ये लग्न झाले, मूल झाले, लढाई होता होता टळली. अमेरिकेत पहिल्याच दिवशी तेरा लाख प्रती खपल्या आणि त्याच दिवसांत काही वाचकांनी पुस्तक दुकानात परत करण्याची मोहीम उघडली. त्यांची तक्रार अशी होती की सगळे फार स्वस्तात मिळाले, कुणी काही गमावलेच नाही.

स्वप्रकाशित लेखिकांनी हे सारे पाहत लिहायला सुरुवात केली. त्यांच्यातली सर्वांत गाजलेली अमांडा हॉकिंग. मिनेसोटातली ही तरुणी अपंगांच्या निवासगृहात काम करत होती आणि प्रकाशकांची नकारपत्रे साठवत होती. शिकागोतले एक प्रदर्शन पाहायला जाण्याइतके, म्हणजे तीनशे डॉलर, मिळावेत म्हणून तिने एप्रिल २०१० मध्ये ‘माय ब्लड अप्रूव्हज’ ही व्हॅम्पायर-कथा किंडलवर टाकली. वर्षभरात तिच्या पुस्तकांच्या दहा लाखांहून जास्त प्रती गेल्या आणि मार्च २०११ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेसने चार पुस्तकांच्या नव्या मालिकेसाठी वीस लाख डॉलर दिले. ही परीकथा सगळे सांगतात. मला जास्त महत्त्वाची वाटते ती किमतींची रचना. मालिकेतले पहिले पुस्तक ९९ सेंटला, पुढची २.९९ डॉलरला. ९९ सेंटवर लेखकाला साधारण पस्तीस टक्के मिळत आणि २.९९ पासून सत्तर टक्के. म्हणजे पहिला भाग जवळजवळ पानसुपारीसारखा पुढे करायचा आणि कमाई दुसऱ्या भागापासून. पुढचा भाग वाचकाला हवा असतो त्याहून लेखिकेला जास्त हवा असतो, याचे व्यावहारिक कारण हे.

यातून वाचकाच्या मनात एक संशय रुजला. पहिला भाग ऐन कड्यावर सोडला की तो विचारतो, हे गोष्टीची गरज म्हणून की दुसरे पुस्तक खपावे म्हणून? संशय वाढायला पुढे आणखी कारण मिळाले. २०१४ मध्ये किंडल अनलिमिटेड आले. महिन्याचे पैसे भरा, हवे तेवढे वाचा. सुरुवातीला वाचकाने पुस्तकाचा दहावा हिस्सा वाचला की लेखकाला ठरलेली रक्कम मिळे, म्हणून छोट्या छोट्या भागांचे पीक आले. जुलै २०१५ पासून वाचलेल्या पानांवर पैसे मिळू लागले आणि भाग फुगू लागले. मराठी प्रेक्षक टीव्ही मालिकेबद्दल ‘पाणी घालून वाढवलीय’ म्हणतो, नेमके तेच या पुस्तकांबद्दल वाचक म्हणू लागले. वाचकाला हिशेबाचे नियम ठाऊक नसतील, पण पातळ झालेले पान त्याला बरोबर कळते.

हॉकिंगच्या वाचकांचे दुःख मात्र वेगळे होते. व्हॅम्पायर-मालिकेचे चार भाग २०१० या एकाच वर्षात आले. मग लेखिका मोठ्या प्रकाशकाकडे गेली, नव्या मालिका सुरू झाल्या आणि ही कथा टांगून राहिली. पाचवा भाग ‘स्वेअर’ २०१६ मध्ये आला, तोही तिने स्वतःच काढला. मधली सहा वर्षे वाचक विचारत राहिले. ज्या गोष्टीने तिला घर दिले, ती गोष्ट पुरी करणे तिला टाळता आले नाही. हे मला लेखिकेच्या बाजूने फार चांगले वाटते.

दोन प्रेमिक एकत्र आल्यावर मालिका कशी जगवायची, याचे आणखी एक उत्तर पिढी बदलणे हे आहे. बेला फॉरेस्ट या नावाने लिहिल्या जाणाऱ्या ‘अ शेड ऑफ व्हॅम्पायर’ची सुरुवात डिसेंबर २०१२ मध्ये झाली. ही स्वप्रकाशित मालिका पुढे नव्वद पुस्तकांपलीकडे गेली. सूर्य कधीच उगवत नाही असे एक बेट, तिथे पळवून आणलेली सोफिया आणि बेटाचा राजपुत्र डेरेक. सात पुस्तकांत त्यांची कथा संपते. आठव्यापासून त्यांची मुलगी रोझ नायिका होते, पुढे मुलगा बेन. काही वाचक सातव्या पुस्तकाशी थांबले. त्यांच्या लेखी कथा तिथे पुरी झाली होती. पुष्कळजण पुढे गेले, कारण त्यांचा जीव आता दोघांपेक्षा बेटावर जडला होता.

ही रीत अमेरिकेत जन्मली असे मात्र कुणी समजू नये. काशीच्या देवकीनंदन खत्रींनी १८९० च्या सुमारास ‘चंद्रकांता’ लिहिली. नौगढचा वीरेंद्रसिंह आणि विजयगढची चंद्रकांता यांचे प्रेम, मध्ये ऐयार म्हणजे वेष बदलणारे हेर, तिलिस्म म्हणजे गुप्त दारांचा चक्रव्यूह आणि चुनारचा राजा. ती वाचण्यासाठी अनेकांनी हिंदी शिकून घेतली, असे हिंदी साहित्याचे इतिहास सांगतात. कादंबरीच्या अखेरीस लग्न झाले. मग खत्रींनी काय केले? ‘चंद्रकांता संतति’! चोवीस भाग, नायक म्हणून चंद्रकांतेची मुले इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह. १८९८ मध्ये त्यांनी स्वतःचा लहरी प्रेस काढला होता. लेखकही तेच, छापखानाही त्यांचाच. स्वप्रकाशित अद्भुत प्रेमकथेची मालिका आणि तिचे पुढचे भाग यांचा पहिला भारतीय नमुना मी यालाच मानते. पुढे ‘संतति’तल्या भूतनाथ या ऐयाराला त्यांनी स्वतंत्र मालिका दिली. आज याला स्पिन-ऑफ म्हणतात. १९१३ मध्ये खत्री गेले तेव्हा ‘भूतनाथ’ अपुरी होती आणि त्यांचा मुलगा दुर्गाप्रसाद याने ती पुरी केली.

खत्रींचे वाचक चोवीस भाग का टिकले, याचे उत्तर मला तिलिस्मात दिसते. खत्रींचा तिलिस्म यंत्रांनी, कळांनी, गुप्त दारांनी बांधलेला असतो. त्याचे नियम असतात आणि भागामागून भाग ते पाळले जातात. अंतर दोघांमधून काढून त्यांनी जगात नेऊन ठेवले. प्रेमिक जवळ आले तरी तिलिस्माची दारे बंदच राहतात. ज्या आधुनिक मालिका दहाव्या भागातही वाचक राखून असतात, त्या हेच करतात. ज्या दर भागात दोघांमध्ये नवा गैरसमज पेरतात, त्यांचा वाचक तिसऱ्या भागात कंटाळतो. माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म एवढेच आहे. वाचकाने दोघांच्या प्रेमावर ठेवलेला विश्वास मोडू नका, त्यांच्या भोवतीचे जग कितीही मोडा.

आपल्याकडे मराठीत ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी अद्भुतरम्य प्रेमाच्या कादंबरीची सुरुवात केली. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या निबंधात या प्रकाराची झाडाझडती घेतली आणि पुढची मराठी कादंबरी वास्तवाकडे वळली. भयकथेने वेगळी वाट धरली. नारायण धारपांनी ‘लुचाई’त व्हॅम्पायर मराठी गावात आणला, पण तिथे भीती आहे, प्रीती नाही. अमानवी आणि प्रेम यांची गाठ मराठी घराघरात पुन्हा बांधली ती टीव्हीने. ‘रात्रीस खेळ चाले’चा पहिला भाग २०१६ चा. २०१९ च्या दुसऱ्या भागाने मागे जाऊन अण्णा आणि शेवंताची कथा सांगितली आणि तो पहिल्याहून जास्त गाजला. शेवट ठाऊक असूनही लोक बसले. तिसऱ्यात शेवंताची भूमिका करणारी अभिनेत्री मध्येच बदलली आणि प्रेक्षक हळहळले. पुढे काय झाले यापेक्षा हे असे कसे झाले, यात मराठी माणसाचा जीव अधिक गुंततो की काय, असे मला तेव्हापासून वाटते. आपल्या लेखिकांनी हे मनावर घ्यावे.

मुंबईच्या अमीश त्रिपाठींचे उदाहरण प्रणयकथेच्या चौकटीत नीट बसत नाही, पण ते टाळताही येत नाही. वीसेक प्रकाशकांनी नाकारल्यावर ‘इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांचे एजंट अनुज बाहरी यांनी छापली, पहिले प्रकरण दुकानांच्या गल्ल्यांवर फुकट वाटले गेले आणि मग वेस्टलँडने ती उचलली. मराठीत ती ‘मेलुहाचे मृत्युंजय’ झाली. पहिला भाग नायक शिवाच्या सतीवर हल्ला होण्याच्या क्षणी तुटतो. दीड वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागाने त्या हल्लेखोराचीच ओळख उलटी केली. तो गणेश निघाला आणि वाचक सुखावले. २०१३ च्या तिसऱ्या भागात सती जाते. पुराण माहीत असलेल्या वाचकालाही ते जड गेले. भाग लांबला अशी तक्रार पुष्कळांनी केली, पण सतीच्या जाण्याला फसवणूक म्हणणारा वाचक मला भेटला नाही. तो शोक कथेने आधीच मागून ठेवला होता.

याच्या शेजारी शार्लेन हॅरिस यांची गोष्ट ठेवावी. सूकी स्टॅकहाउस या त्यांच्या नायिकेच्या मालिकेतल्या तेराव्या आणि शेवटच्या पुस्तकाचा शेवट २०१३ मध्ये जर्मनीतल्या एका वाचकाकडून वेळेआधी फुटला. सूकीने व्हॅम्पायरना सोडून सॅमला निवडले होते. पुस्तक बाजारात येण्याआधीच एक तारा देणारे अभिप्राय आले आणि लेखिकेला धमकीच्या सुराचीही पत्रे आली. व्हॅम्पायर-कथाच लिहिणाऱ्या लॉरेल हॅमिल्टन यांनी तर २००६ मध्येच नाराज वाचकांना जाहीर पत्र लिहून, नसेल आवडत तर वाचू नका, असे सुनावले होते. धमकीला माफी नाही. पण हॅमिल्टन यांच्या पत्राशीही मी सहमत नाही. दहा पुस्तके विकत घेतलेला माणूस अकराव्याबद्दल बोलला तर तो उपरा नसतो. हिंदीत गुन्हेकथा लिहिणाऱ्या सुरेंद्र मोहन पाठक यांनी वेगळा मार्ग दाखवला. नव्या कादंबरीच्या सुरुवातीला ‘लेखकीय’ लिहून पाठक मागच्या पुस्तकावर आलेल्या पत्रांची दखल घेत, निंदेचीही. त्यांचे वाचक गोष्टीच्या आधी ते वाचत.

मध्ये प्रकाशक नसला की हे नाते आणखी जवळचे होते. इलोना आणि गॉर्डन हे नवरा-बायको ‘इलोना अँड्र्यूज’ या नावाने लिहितात. २०१३ सालच्या ‘क्लीन स्वीप’पासून त्यांची इनकीपर-मालिका आधी हप्त्याहप्त्याने फुकट आली आणि मग पुस्तक झाली. वाचक चुका दाखवत, अंदाज बांधत, वाट पाहत. पुढे एका भागात नायिका बाजूला राहून तिच्या बहिणीची प्रेमकथा आली, तरी वाचक रुसले नाहीत, कारण घडण त्यांच्या डोळ्यांदेखत झाली होती.

आपल्याकडे हे काम प्रतिलिपी करते. २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेल्या या मंचावर मराठीत नागकन्या, पुनर्जन्म, शापित वाडे यांच्या प्रेमकथा पर्वापर्वाने चालतात. लिहिणाऱ्या पुष्कळजणी नोकरी-घर सांभाळून लिहितात. वाचणाऱ्या महाराष्ट्रात आहेत, तशा इथे चंदीमंदिरच्या लष्करी वसाहतीतल्या मराठी घरांतही असू शकतात, कारण मोबाइलला गाव नसते. त्यांच्या अभिप्रायांना साहित्यसमीक्षा कुणी म्हणत नाही. मी म्हणते. एखादी वाचक लिहिते की नायक असे बोलणारच नाही, दुसऱ्या पर्वात तो असा बोलला होता, तेव्हा ती पात्राच्या सुसंगतीबद्दलच बोलत असते. नायिकेला शक्ती मिळाल्यावर ती रडूबाई का झाली, असे विचारते तेव्हा ती रचनेतला खरा दोष दाखवत असते. शेवट मतदानाने ठरवू नये, हे मी लेखिकेला सांगेन. दामोदर आणि वारिस शाह दोघांनी आपापला शेवट आपल्या जबाबदारीवर केला होता. पण अशी निरीक्षणे टाकून देणारी लेखिका स्वतःचे नुकसान करते.

आणि एखादे दिवशी भाग येईनासा होतो. पहिल्या आठवड्यात खाली ओळी येतात, ‘पुढचा भाग कधी?’, ‘ताई, लवकर टाका ना’. महिन्याभराने सूर चढतो, अर्धवटच सोडायचे होते तर सुरू का केले, असे कुणी विचारते. त्यानंतर बरेच दिवस काही नसते. मग केव्हातरी, ज्या वाचकाने आधी कधी नावही टाकले नव्हते, त्याची एक ओळ येते. तीत नायकाचे नाव नसते, नागमण्याचे काय झाले हेही नसते. ‘ताई, बऱ्या आहात ना?’